राखेच्या भिंतीतली वेणी

ताईची वेणी कापली तेव्हा कात्री माझ्या हातात होती. पांढुर्ण्याला, तिच्या घराच्या मागच्या ओसरीत, सकाळचा चहा झाल्यावर ती पाठमोरी पाटावर बसली आणि म्हणाली, "घे. एका झटक्यात कर, पण बराबर कर."

एका झटक्यात झालं नाही. वेणी कंबरेच्या खाली जायची, मनगटाएवढी जाड. मानेजवळ रबर बांधून त्याच्या वर कात्री लावली, तर पाती नुसतीच करकरत राहिली. थोडेथोडे केस तुटत गेले. शेवटचा पदर सुटला तशी वेणी माझ्या मांडीवर पडली. वाटली होती त्यापेक्षा जड निघाली, आणि अंगावरून नुकत्याच काढलेल्या कपड्यासारखी ऊन होती.

ताईच्या छातीत गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी औषधं आणि मग ऑपरेशन असं ठरवलं होतं. औषधांनी केस जाणार हे त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं. "उशीवर पुंजके वेचत बसण्यापेक्षा आपणच देऊन टाकू," असं ताईचं म्हणणं. तिच्या सासूबाईंना ते पटलं नव्हतं. सवाष्णीची वेणी कापताना पाहायची नाही म्हणून त्या देवघरात जाऊन बसल्या होत्या. कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला तशा बाहेर आल्या आणि हात पुढे केला.

"आण इकडे. मी जाम नदीत सोडून येतो."

"नदीत नको," ताई म्हणाली. मानेवरून हात फिरवत होती, तिथं काही नाही याची खात्री करून घेत असल्यासारखी. "हिच्या राखेत जाऊ द्या."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. राख आणि केस हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडच्या माणसाला जे आठवतं, तेच त्यांना आठवलं होतं.

राख माझी होती. म्हणजे वीज केंद्राच्या चिमणीतली, पिठासारखी मऊ, करडी. मी नागपूरला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि बरीच वर्षं सिमेंटशिवायच्या बांधकामावर काम करते आहे. चुनखडी भट्टीत जाळून सिमेंट होतं, त्यात धूर फार. त्याऐवजी ही फुकट पडलेली राख घ्यायची, तिच्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि काचेसारखं दिसणारं सिलिकेटचं घट्ट द्रावण घालायचं, वाळू मिसळायची आणि ऊब द्यायची. दगड होतो. चांगला कडक दगड. पण त्याचा स्वभाव दगडाचाच. भार घेत राहतो, घेत राहतो, आणि मग काही न सांगता एकदम तडकतो. म्हणून त्यात तंतू घालायचे. तडा जायला लागला की दोन्ही कडांना धरून ठेवतील असे. माझं सगळं काम एवढ्यावरच चाललेलं असतं: दगड तंतूला धरतो का, आणि किती धरतो.

भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, त्यांच्या संत्र्याच्या शेडमधली मागची खोली मला वापरायला दिली होती. हंगाम नसला की ती रिकामीच असायची. खोलीला गल्लीच्या बाजूनं दोन खिडक्या होत्या, त्यांतून माकडं येऊन संत्री न्यायची. "मॅडम," भाऊजी मला थट्टेनं असंच म्हणायचे, "तुमच्या राखेच्या फरश्या करून ह्या खिडक्या बुजवून द्या. तुमचा प्रयोगही होते, अन् माहे माकडंही जाते." स्टीलच्या बारीक तारा, काळ्या दगडापासून काढलेला धागा, मोहगावकडच्या बांधांवरून आणलेली अंबाडी, हे सगळं मी तिथं पिशव्यांत भरून ठेवलं होतं. त्यात आता वेणी आली.

मी ताईला सांगितलं, "केस राखेत टिकणार नाहीत गं. कॉस्टिक केसांना खातं. नालीत अडकलेले केस काढायला तेच ओततात."

"मंग खाऊ दे ना. माह्या डोक्यावरचे राहिलेलेही कोणी खाणारच आहे."

शेवटी आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. वेणीचा वरचा भाग कापून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि चुना-सुरखीच्या, म्हणजे चुना आणि विटांच्या भुकटीच्या, फरशीत मिसळायचे. चुन्यात केस टिकतात, जुने गवंडी बकरीचे केस घालायचेच. खालची अर्धी वेणी, ताईचा हट्ट म्हणून, गुंफलेली तशीच राखेच्या फरशीत ठेवायची. दोन खिडक्या, दोन फरश्या.

राखेची फरशी ओतायच्या दिवशी ताई नाकाला पदर लावून दाराशी खुर्ची टाकून बसली. मी हातमोजे, चष्मा घालून बादलीतल्या पाण्यात कॉस्टिकचे पांढरे कण सोडत होते. पाणी आपोआप तापतं, वाफ निघायला लागते.

"विस्तव नाही, अन् उकळून राहिलं," ताई म्हणाली.

साच्यात अर्ध्यापर्यंत माल भरला, सारखा केला आणि वर वेणी लांब करून ठेवली. करड्या चिखलावर काळी वेणी. मग दुसरा थर कालवायला वळले. परत आले तेव्हा वेणी मी ठेवली तशी नव्हती. द्रावणानं केस फुगले होते, चकाकत होते, आणि पेड सैल पडून वेणीला एक बाक आला होता. आम्ही दोघी पाहत असतानाच ती अजून थोडी वळली. झोपेतलं जनावर कूस बदलतं तितकी. वास सुटला, सडक्या अंड्याचा आणि जळक्या केसांचा मिळून.

मला कारण ठाऊक होतं. तरी मी पटकन, जरा घाईनंच, वर माल टाकला आणि थापीनं दाबला.

घरी जाताना ताईनं माझा हात धरला, तिचा हात गार होता. बाहेर वैशाखाचं ऊन होतं.

त्याच उन्हात प्लास्टिक झाकून मी फरश्या ठेवल्या. पांढुर्ण्याच्या उन्हात राखेला भट्टी लागत नाही. साचा सोडल्यावर राखेच्या फरशीवर टिचकी मारली की ती पितळेच्या भांड्यासारखी वाजायची. भाऊजींनी मिस्त्री लावून दोन्ही फरश्या खिडक्यांत बसवून घेतल्या. ताईचा औषधाचा पहिला डोस झाला. उरलेसुरले केस, मग भुवया, मग पापण्या गेल्या. आरशासमोर ती फारशी जात नसे. पण शेडमध्ये जायची. मागच्या खोलीत खुर्ची टाकून त्या दोन फरश्यांकडे तोंड करून बसायची.

"काय पाहतेस?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. थंड आहे इथं."

पावसाळ्यात चुन्याची फरशी बदलली. गल्लीच्या बाजूनं पाऊस झोडपायचा, तिथला वरचा चुना झिजला आणि आतले केस उघडे पडले. काळी काळी टोकं. दाढी न केलेल्या गालावर हात फिरवावा तसं लागायचं. पाऊस जसा पडत गेला, तशी टोकं लांब होत गेली. केस वाढत नव्हते, भिंत मागं सरत होती. पण गल्लीतून जाणाऱ्याला भिंत मागं सरताना दिसत नाही, केस पुढं आलेले दिसतात. शेडमध्ये संत्री निवडायला येणाऱ्या बायांनी भाऊजींना सांगून टाकलं की त्या खोलीत आम्ही बसणार नाही. त्यातली एक वयस्क बाई नुसती एवढंच म्हणाली, "घरधनीण बिना केसांची हिंडून राहिली अन् भिंतीले केस येऊन राहिले. आमाले नाही पाहवत, दादा."

त्याच पावसात मी काही दिवस सौसरला आईकडे होते. केस, अंबाडी, तार सगळं घेऊनच गेले होते. तंतू ओढून पाहायचं माझं एक छोटं यंत्र आहे. टेबलाला आवळून बसवायचं, मालाच्या छोट्या वडीत रुतवलेला एकच तंतू चिमट्यात धरायचा आणि हातानं दांडा फिरवत हळूहळू ओढायचा. प्रत्येक तंतूची जायची तऱ्हा वेगळी. तार आधी घट्ट असते, मग 'टक्' करून चिकटलेपण सुटतं, आणि मग ती घासत घासत बाहेर येते. हे घासत येणंच कामाचं. तडा रुंदावताना तेच वेळ मिळवून देतं. अंबाडीवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे ती आधी निसटायची. चुन्याच्या निवळीत थोडा वेळ भिजवून, धुऊन घातली की खरखरीत होते आणि धरते. जास्त वेळ भिजवली की कुजकी होऊन तुटते. सगळी ओढाताण त्या थोड्या आणि जास्तीच्या मधली.

ताईच्या कंगव्यातले जुने केस माझ्याकडे होते. चुन्याच्या वडीतला केस ओढला तर तो सुटलाच नाही. ताणत गेला, ताणत गेला आणि शेवटी मधेच तुटला. चुन्यानं सोडला नाही. राखेच्या वडीतला केस मात्र चिमटा लावल्याबरोबर बाहेर आला. बाहेर जेवढा होता तेवढाच आला. आतला भाग नव्हताच. वडीला भिंगाखाली धरलं तर तिथं फक्त एक भोक होतं, केसाएवढं.

दांडा फिरवताना बारीक आवाज होतो. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"काय लावलं आहे हे?"

"ताईचा केस आहे, आई. चुना कसा धरतो ते पाहते आहे."

आई ऐकत राहिली. मी दांडा आणखी थोडा फिरवला. केस ताणला, त्याचा सूर चढत गेला, अगदी बारीक, डासासारखा.

"बंद कर," आई म्हणाली. "तिच्यासारखं वाटून राहिलं. लहानपणी तिचे केस विंचरले की अशीच करे, तोंड मिटून."

मी यंत्र आवरून ठेवून दिलं. पुढचे सगळे केस नागपूरला, कॉलेजातच ओढले, विद्यार्थ्यांच्या गोंगाटात.

थंडी सुरू झाली तेव्हा ताईला ताप आला. औषधांनी रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या होत्या. नागपूरला भरती केलं. काचेच्या पलीकडून पाहायचं, आत जायचं तर तोंड झाकून. भाऊजी दवाखान्यातच राहत होते. कपडे आणायला म्हणून एकदा पांढुर्ण्याला गेले आणि तिथून त्यांचा फोन आला. नेहमीचं 'मॅडम' नव्हतं.

"तुम्ही या एकदा. राखेच्या फरशीले केस आले. पांढरे."

"चुन्याच्या म्हणताय का?"

"नाही. राखेच्या. तुमची वेणीवाली."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पांढुर्ण्याला उतरले. शेडमध्ये संत्र्यांचे ढीग लागायला सुरुवात झाली होती, सालीचा वास भरून राहिला होता. मागच्या खोलीकडे कोणी फिरकत नव्हतं. भाऊजी दाराशीच थांबले, सासूबाई माझ्या मागून आल्या.

वरच्या झरोक्यातून कोवळं ऊन तिरपं फरशीवर पडलं होतं. करड्या दगडातून पांढरे केस आले होते. रेशमासारखे बारीक, टोकाशी वळलेले, दाट. सगळ्या फरशीवर नाही. मधल्या एका लांब पट्ट्यातच, वेणी जशी बाक घेऊन पडली होती त्याच बाकात. मी जवळ वाकले तर माझ्या श्वासानं ते सगळे एका बाजूला झुकले आणि परत उभे राहिले.

"हा क्षार आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "सोडा जास्तीचा उरतो ना आत, तो पावसाची ओल घेऊन बाहेर येतो. कोरड्या थंडीत पाणी उडतं, क्षार राहतो. असा केसासारखा वाढतो कधी कधी. वेणी होती तिथं आत पोकळी झाली असेल, म्हणून तिथूनच."

सगळं खरं होतं. मी वर्गात हेच शिकवते. पण शिकवताना माझ्या समोर माझ्या बहिणीच्या वेणीचा बाक नसतो.

सासूबाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी कमरेची चंची काढली, तिच्यातली हळद अंगठ्यावर घेतली आणि मी काही म्हणायच्या आत त्या पांढऱ्या केसांवर टेकवली. तोंडानं काही पुटपुटत होत्या. हळद लागली तिथले केस चुरले, आणि बोट उचललं तोवर पिवळ्याचं लाल झालं. कुंकवाचं नव्हे, गडद, काळसर लाल. आमच्या डोळ्यांदेखत ते खाली ओघळलं, थोडंसंच.

सासूबाईंनी हात छातीशी घेतला. अंगठाही लाल झाला होता.

"मावशी, हळदीचं आहे ते. सोडा लागला की—"

"मले माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हळदीचा डाग साबणानं लाल होते. जनम गेला माहा धुणं धुण्यात. माहीत असून अंगावर काटा आला, ते सांग काऊन आला?"

काटा माझ्याही अंगावर आला होता.

भाऊजी आत न येताच म्हणाले, "फोडून टाकतो मी. आजच."

"हात नको लावू," सासूबाई एकदम वळल्या. "सून तिकडं पडली आहे अन् तू हिले फोडतो? तिचं काही झालं म्हणजे?"

"आई, दगड आहे तो."

"दगड आहे तर राहू दे ना मंग. दगडाचं काय घेऊन राहिला?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी फरशी कधीतरी फोडणारच होते, माझ्या दृष्टीनं तो प्रयोगच होता. आत काय उरलं ते पाहिल्याशिवाय माझं काम पुरं होणार नव्हतं. पण त्या खोलीत, त्या लाल ओघळासमोर, मला 'फोडा' म्हणवेना. मी म्हणाले, ताईला विचारू.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ताई उशीला टेकून होती. ताप उतरला नव्हता. ओठ सुकलेले, डोळे फार मोठे दिसत होते, पापण्या नसल्यामुळे. मी ठरवलं होतं की सांगायचं नाही, नुसतं फरशीचं विचारायचं. तिनं माझे डोळे पाहिले आणि म्हणाली, "भिंतीले काय झालं?"

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. काल माह्या टाळूवर कोणी फुंकर मारून राहिलं होतं, दिवसभर. सिस्टरले म्हटलं पंखा बंद करा. ती म्हणे पंखा बंदच आहे."

मी सांगितलं. पांढऱ्या केसांचं, हळदीचंसुद्धा. तिनं डोळे मिटून घेतले. झोपली असं वाटून मी उठले, तर म्हणाली, "मी आल्याशिवाय हात नको लावू कोणी. माह्यासमोर फोडजा."

"पण ताई, तू नाही आलीस—" मी तिचं पांघरूण सारखं करायला लागले.

"येतो ना मी. जाऊन कुठं राहिलो?"

त्या आठवड्यात मी रोज तिला काचेपलीकडून पाहत होते आणि भाऊजी रोज पांढुर्ण्याला फोन लावून सासूबाईंना, भिंत तशीच आहे का, हे विचारत होते. दगड आहे म्हणणारे तेच. सासूबाई सांगायच्या, आहे, वाढले आहेत. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, आज थोडे गळले. त्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की पेशी वर यायला लागल्या आहेत. भाऊजींनी फोन खिशात ठेवला. रात्री वारा सुटला असेल, धुकं पडलं असेल, ओलीनं क्षार विरघळतो. कारणं मला भरपूर ठाऊक आहेत.

ताई घरी आली, मग ऑपरेशन झालं, मग पुन्हा घरी आली. संत्री निघून गेली होती, शेड रिकामी होती. होळीच्या आधीच्या दिवसांत तिनं मला निरोप दिला, "ये आता."

दुपारची वेळ होती. ताई खुर्चीवर न बसता फरशीसमोर उभी राहिली. भाऊजी हातोडा घेऊन तयार. सासूबाई या वेळी आल्या नाहीत. फरशीवर पांढरे केस अजून होते, थोडे विरळ. ताईनं डोक्याचा रुमाल सोडला.

ते मी पहिल्यांदाच पाहिलं. तिला केस यायला लागले होते. बोटाच्या नखाएवढेच, पण सगळीकडून. पांढरे, रेशमासारखे, टोकाशी वळलेले. आयुष्यभर तिचे केस काळे आणि सरळ होते. औषधांनंतर केस असे येतात, वळणाचे, रंग उडालेले, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पुढं बदलतातही. तरी भाऊजींनी हातोडा खाली ठेवला.

ताईनं भिंतीवर फुंकर मारली. केस झुकले, आणि या वेळी उभे राहिले नाहीत. पिठासारखे खाली गळाले. मग तिनं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तळवा पाहिला. तळव्यावर काही नव्हतं.

"माहे घट्ट आहे," ती म्हणाली. "मारा आता."

पहिल्या घावानं नुसता तो पितळी आवाज घुमला. दुसऱ्या घावाला फरशी उभी चिरली, वेणीच्या बाकाबरहुकूम, आणि एका बाजूचा अर्धा तुकडा भाऊजींच्या हातात आला. तोच वास आला, शिळा झालेला. आत एकही केस नव्हता. पण वेणी होती. तिन्ही पेड, एकमेकांखालून वर आलेले, आणि प्रत्येक पेडावर केसाकेसाची रेघ, दगडावर कोरलेली, चकचकीत. राखेनं केस खाऊन टाकले होते आणि खाता खाता त्यांचा हुबेहूब ठसा घेतला होता. इतका बारीक ठसा मी कुठल्याही प्रयोगात पाहिला नाही. धरून ठेवणं म्हणावं तर दगडानं काहीच धरलं नव्हतं. तिथं फक्त वेणीएवढी जागा होती.

ताईनं त्या पोकळीत बोट घातलं आणि टोकापर्यंत फिरवलं.

"एवढी जाड होती माही वेणी?"

"होती," भाऊजी म्हणाले. "तूच कधी मागून पाहिली नाही."

ताई हसली. किती दिवसांनी हसली ते मी मोजलं नाही. मग पाय दुखतात म्हणून घरी गेली, आणि जेवली, आणि झोपली.

ताई आहे. तपासणीला नागपूरला येते तेव्हा माझ्याकडे उतरते. केस आता खांद्यापर्यंत आलेत, कुरळे, निम्मे काळे निम्मे पांढरे. ते ती वाढवत नाही. अर्धा तुकडा मी कॉलेजात नेला, कपाटात ठेवला आहे. अहवालात मी एवढंच लिहिलं की केसासारखे तंतू ह्या मालाला चालत नाहीत आणि अंबाडी हलक्या चुन्यात भिजवून घातली तर चांगली धरते. दुसरा अर्धा भाऊजींना द्यायचा होता, पण तो शेडमधून कोणीतरी नेला. कोणी नेला ते कळलं नाही. भाऊजी म्हणतात सासूबाईंनी नदीत सोडला असेल. सासूबाई म्हणतात, मी त्या खोलीत पाय ठेवला नाही.

फोडलेल्या खिडकीत आता अंबाडीची फरशी आहे. दोन पावसाळे झाले, तिला काही झालेलं नाही. निवडणाऱ्या बाया पुन्हा त्या खोलीत बसायला लागल्या आहेत, मोबाइलवर गाणी लावून. चुन्याची फरशी तिथंच आहे. भाऊजी दर दिवाळीला तिच्यावर सफेदी मारून घेतात. मी गेले की मोजमापं घ्यायला त्या खोलीत थांबते, दुपारचीच थांबते. दार उघडं ठेवते, आणि दाराच्या बाजूला तोंड करून बसते.